वाचनालयाची वेबसाईट, सभासद रजिस्टर आणि मेलिंग लिस्ट एकत्र जोडली, त्याचा अनुभव

आमच्या वाचनालयाची वेबसाईट एकीकडे, सभासदांचं रजिस्टर दुसरीकडे आणि दर महिन्याला जाणाऱ्या ई-वार्तापत्राची यादी तिसरीकडे अशी अवस्था होती. हे तिन्ही एकमेकांना जोडायचं काम आम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये काढलं, एप्रिल २०२४ ला ते सुरू झालं आणि आता नूतनीकरणाचा एक पूर्ण फेरा नीट पार पडला, म्हणून आता लिहितेय. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे चंदगड, या सगळ्या पट्ट्यात अशी कितीतरी वाचनालयं, महिला मंडळं, नाट्यसंस्था, गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या कमिट्या आहेत ज्यांच्याकडे दोनचारशेपासून हजारभर सभासद आहेत आणि पगारी कॉम्प्युटरवाला एकही नाही. मी पण इंजिनिअर नाही, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात अकाउंट्स बघते आणि वाचनालयाची सहचिटणीस आहे. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी जेवढं जमलं तेवढंच.

आधीची परिस्थिती सांगते म्हणजे तुमच्याशी जुळतंय का बघता येईल. वेबसाईट वर्डप्रेसवर (साईट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर), त्यात कार्यक्रमांचे फोटो, सूचना आणि सभासदांसाठी जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या फायली. सभासदांची नोंद दोन जागी, एक कापडी बांधणीचं मोठं रजिस्टर आणि एक एक्सेलची फाईल जी कुणीतरी फार पूर्वी श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये) टाईप केलेली. वार्तापत्राची यादी गुगल ग्रुपमध्ये, त्यात कोण कधी आलं, कुणाची वर्गणी चालू आहे याचा कशाशी कशाला पत्ता नाही. म्हणजे वर्गणी भरली तर रजिस्टरात नोंद व्हायची, खरं वेबसाईटच्या लॉगिनला ते कळायचं नाही, आणि पत्ता बदलला तर एकीकडे बदलायचा, दोनीकडे जुनाच राहायचा.

काम हातात घ्यायला कारण घडलं ते असं. आमचे एक जुने सभासद वारले होते, रजिस्टरात त्यांच्या नावापुढे तशी नोंद पण होती, पण मेलच्या यादीत त्यांचं नाव तसंच राहिलेलं. त्यांच्या घरच्यांना वर्षभर "आपली वर्गणी थकली आहे" असे मेल जात राहिले. त्यांच्या मिसेस एक दिवस वाचनालयात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "हे नाव तेवढं काढा, ह्यांचा मेल मीच बघते." मला ते फार लागलं. ज्या माणसाने तीस वर्षं पुस्तकं नेली-आणली त्याच्या घरी आपण हे पाठवतोय. त्यानंतरच्या कमिटी मीटिंगमध्ये मी विषय मांडला.

गणपती झाल्यावर, सप्टेंबर अखेरीला, कमिटीने ठराव केला. खजिनदार काकांनी एकच प्रश्न विचारला, तो मला अजून बरोबर वाटतो, "हे सगळं करतीस खरं, उद्या तू बेंगळूरला नोकरीला गेलीस तर कोण बघणार गं?" म्हणून ठरावात दोन गोष्टी घातल्या. पहिली, जे काही वापरू त्याचा डेटा कधीही बाहेर काढता आला पाहिजे. दुसरी, काम कसं करायचं याची वही मराठीत लिहून ठेवायची. खर्चाची मर्यादा ठेवली पहिल्या वर्षाला पंचवीस हजार. तुम्ही पण असा लेखी ठराव घ्याच, कारण पुढे बँक, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा), सगळीकडे "कुणाच्या सहीने" हे विचारतात आणि ठरावाची प्रत लागते.

मग शोधाशोध. वर्डप्रेसमध्येच मेंबरशिपचे बरेच प्लगइन (वरून घालायचे जोड-भाग) मिळतात आणि मेलसाठी वेगळी सेवा घ्यायची, दोन्ही जोडायला तिसरं काहीतरी, असा एक मार्ग होता. तो मी सोडला. कारण मग परत तीन याद्या आणि त्या जुळवत बसणं. आम्हाला हवं होतं ते म्हणजे एकच सभासद नोंद, आणि वेबसाईटचं लॉगिन आणि मेलची यादी या दोघांनी तिच्याकडून घ्यायचं. शेवटी सिव्हीसीआरएम घेतलं. हे २००५ पासूनचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, मुळात संस्था-संघटनांसाठीच केलेलं, लायसन्सचे पैसे नाहीत, वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला यांच्या आत बसतं. त्यात संपर्क, वर्गणी, देणगी, कार्यक्रमाची नोंदणी आणि मेल हे सगळं एकाच डेटाबेसवर चालतं, आणि आम्हाला नेमकं तेच पाहिजे होतं. एक जाणून घ्या, दिसायला ते साधं नाही. पहिल्यांदा उघडलं की इतके मेनू दिसतात की घाबरायला होतं. न लागणारे भाग सेटिंगमधून बंद करता येतात, ते आधी करा, मग स्क्रीन बरीच मोकळी होते.

ऑक्टोबर ते डिसेंबर मात्र सॉफ्टवेअरला हातसुद्धा लावला नाही. यादी साफ केली. या सगळ्या कामातला निम्म्याहून जास्त वेळ इथे गेला आणि गेला तो बरोबर गेला.

श्रीलिपीतली फाईल युनिकोड नसते, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसतात. कन्व्हर्टरने युनिकोड करता येते पण रफार आणि पहिली वेलांटी इकडची तिकडे होते, जोडाक्षरं तुटतात, त्यामुळे प्रत्येक नाव डोळ्याखालून घालावंच लागलं. दिवाळीच्या सुट्टीत दोन कॉलेजच्या मुलांना रजिस्टरावरून तपासून टाईप करायला बसवलं, त्यांना मिळून साडेपाच हजार दिले. ग्रंथपाल मावशी सुरुवातीला काळजीत होत्या, "अगं, हे काय करूलालीस? रजिस्टर टाकून देणार काय?" त्यांना सांगितलं, रजिस्टर राहणारच, उलट तेच खरं धरून आपण हे करतोय. मग त्याच रोज तासभर बसून सांगायच्या, हा मुलगा त्यांचा, हे घर विकलं, ह्या आता मुलीकडे हुबळीला असतात. ही माहिती कुठल्याच फाईलमध्ये नव्हती. ज्यांच्या डोक्यात सभासद आहेत असं माणूस तुमच्याकडे असेल तर त्यांना शेजारी बसवूनच हे काम करा.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे एकच माणूस तीन लिप्यांत असतो. रजिस्टरात मराठीत, आधारवर कन्नड आणि इंग्रजीत, बँकेत फक्त इंग्रजीत, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक जागी निराळं. एका गावात एकाच नावाचे तीन-तीन पाटील. गावाचं नाव पण बेळगाव, बेळगावी, बेलगाम अशा सगळ्या प्रकारांनी लिहिलेलं. आम्ही असं केलं की मुख्य नाव मराठीत, आणि टोपणनावाचा जो रकाना असतो त्यात बँकेतलं इंग्रजी स्पेलिंग, म्हणजे खात्यात पैसे आले की त्यावरून शोधता येतं. गावाच्या रकान्यात कमिटीने ठरवलेलं एकच रूप, आणि तालुक्यासाठी वेगळा रकाना तयार केला, कारण आमचे बरेच सभासद शिनोळी, चंदगडकडचे आहेत, त्यांचं राज्य महाराष्ट्र, तालुका चंदगड, वाचनालय मात्र आमचं. पिनकोड असेल तर फार मदत होते. ५९०००३ म्हणजे शहापूर, ५९०००६ म्हणजे टिळकवाडी, मग एकाच नावाचे दोघे वेगळे काढता येतात.

दुसरी अडचण ईमेलची, ही नीट वाचा. आपल्याकडे वयस्कर नवरा-बायको दोघं सभासद असतात आणि दोघांपुढे ईमेल एकच, तो पुण्यातल्या नाहीतर बेंगळूरच्या मुलाचा. सिव्हीसीआरएम आयात करताना डुप्लिकेट शोधायला जो मूळ नियम लावतं तो फक्त ईमेल बघतो. म्हणजे आई-वडील दोघं मिळून एकच माणूस होतील. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाचा सभासद क्रमांक 'एक्स्टर्नल आयडेंटिफायर' या रकान्यात टाकायचा आणि जुळणी त्यावरूनच करायची. आणि वर्डप्रेसमध्ये एका ईमेलवर एकच लॉगिन होतं, ते बदलता येत नाही. अशा घरांसाठी आम्ही कुटुंब म्हणून एक नोंद केली, सभासदत्व कुटुंबाला दिलं आणि नात्यावरून ते दोघांना लागू होतं, ही सोय त्यात आहे. लॉगिन घरात एकच.

एक छोटी गोष्ट. एक्सेलमधून साधं सीएसव्ही (नुसत्या मजकुराची, स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाईल) सेव्ह केलं की मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' असा वेगळा पर्याय आहे तोच घ्यायचा, किंवा लिब्रेऑफिस वापरा, ते सेव्ह करताना विचारतंच. आणि मोबाईल नंबरचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून ठेवा.

डिसेंबर अखेरीला यादी तयार झाली, ९५० च्या आसपास नावं, त्यात चालू सभासद ७०० च्या वर. वारलेल्यांची नावं आम्ही काढली नाहीत. सिव्हीसीआरएममध्ये 'डिसीज्ड' अशी खूण असते, ती केली की त्यांचं सभासदत्व आपोआप त्या स्थितीत जातं आणि त्यांना कुठलाही मेल जात नाही, पण नाव आणि त्यांनी दिलेल्या देणग्या इतिहासात राहतात. ती खूण करायचं काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नाही, मावशींबरोबर बसून स्वतः केलं.

जानेवारी २०२४ सर्व्हर. आमची वेबसाईट स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर बऱ्याच साईट्सना वाटून) होती. तिथे दोन अडथळे आले. सिव्हीसीआरएम वर्डप्रेसच्या प्लगइन यादीत मिळत नाही, त्यांच्या साईटवरून झिप उतरवून घालावं लागतं आणि फाईल मोठी असल्यामुळे वर्डप्रेसच्या अपलोडमधून जात नाही, तेवढं फाईल मॅनेजरने झालं. दुसरा अडथळा सुटला नाही. त्याला डेटाबेसवर 'ट्रिगर' (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या सूचना) तयार करायची परवानगी लागते आणि होस्टिंगवाले ती द्यायला तयार नव्हते, तिकीट टाकलं, आठवडाभराने उत्तर आलं की या प्लॅनमध्ये मिळणार नाही. म्हणून लहान व्हीपीएस (आपल्या ताब्यातला वेगळा सर्व्हर) घेतला, महिना साडेसातशे रुपये. शेजारचा एक मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने लिनक्स, बॅकअप आणि पीएचपीचे (ज्या भाषेत हे सॉफ्टवेअर लिहिलंय तिचे) लागणारे भाग बसवून दिले. तुम्ही होस्टिंग घेण्याआधीच तिघा-चौघा होस्टिंगवाल्यांना एका ओळीत विचारा: डेटाबेसमध्ये ट्रिगरची परवानगी आहे का, क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) दर पाच मिनिटांनी चालवता येतो का, पीएचपीला २५६ एमबी मेमरी मिळेल का. तीनही हो असतील तरच पैसे भरा.

 क्रॉन नीट लावला नाही तर मेल जात नाहीत आणि सभासदत्वाची स्थिती पण बदलत नाही, मुदत संपलेला माणूस चालूच दिसत राहतो. वर्डप्रेसचा स्वतःचा क्रॉन कुणी साईट उघडली तरच हलतो, लहान साईटला त्यावर विसंबता येत नाही, म्हणून सर्व्हरचाच लावला.

मग सभासदत्वाचे प्रकार. वार्षिक, विद्यार्थी, आजीव. आजीवसाठी मुदत 'लाईफटाईम' असा पर्याय आहे. वार्षिकला दोन पद्धती मिळतात, भरल्या दिवसापासून वर्ष किंवा ठराविक वर्ष. आमचं १ एप्रिल ते ३१ मार्च, म्हणून ठराविक. त्यात अशी एक तारीख देता येते की तिच्यानंतर भरणाऱ्याला पुढचं वर्ष पण धरून मिळतं, आम्ही १ फेब्रुवारी ठेवली. पूर्वी मार्चमध्ये सभासद झालेल्या माणसाकडे एप्रिलमध्ये परत वर्गणी मागायला जीव व्हायचा नाही, आणि प्रत्येक वेळी कमिटीला विचारायला लागायचं. मुदत संपल्यावर एक महिन्याची सवलत मुळातच असते, ती तशीच ठेवली.

वर्डप्रेसशी जोडणी 'मेंबर सिंक' नावाच्या प्लगइनने केली. त्यात नियम लिहायचे, वार्षिक प्रकार, स्थिती नवीन, चालू किंवा सवलतीत असेल तर वर्डप्रेसमध्ये भूमिका 'सभासद', मुदत संपली की साधा वाचक. दिवाळी अंकांची पानं फक्त 'सभासद' भूमिकेला उघडतात. वेबसाईटवरून कुणी स्वतः नवीन खातं काढायची सोय आम्ही मुद्दाम बंद ठेवली, नाहीतर परत उलट्या बाजूने नावं आत यायला लागतात. नाव, पत्ता, ईमेल बदलायचं ते सभासद नोंदीत. दुसरीकडे कुठेच नाही. हा एक नियम कमिटीतल्या सगळ्यांना मी इतक्या वेळा सांगितलाय की आता मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणतात. पण यावरच सगळं उभं आहे. सॉफ्टवेअर कितीही चांगलं घेतलं आणि दोघांनी दोन जागी दुरुस्त्या केल्या तर वर्षभरात परत तीन याद्या होतात.

फेब्रुवारी मेलचा महिना, आणि माझ्यासाठी सगळ्यात दमवणारा. नेमकं त्याच महिन्यात जीमेल आणि याहूने नवीन नियम लागू केले. दिवसाला ५,००० च्या वर पाठवणाऱ्यांना जास्त कडक, पण लहानांना सुद्धा आपल्या डोमेनची (साईटच्या नावाची) ओळख सिद्ध करावी लागते, आणि स्पॅम म्हणून तक्रारी ०.३ टक्क्याच्या आत ठेवाव्या लागतात. ही ओळख म्हणजे डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावाच्या नोंदवहीत) घालायच्या नोंदी, एसपीएफ (मेल कुठून जाऊ शकतो), डीकेआयएम (मेलवरची सही) आणि डीमार्क (यांत न बसलेल्या मेलचं काय करायचं). नावांना भिऊ नका, कॉपी-पेस्टचंच काम आहे, पण एक अक्षर चुकलं की चालत नाही आणि बदल सगळीकडे पोचायला कधी तास लागतो कधी दिवस, तेवढं थांबायचं. एसपीएफची नोंद डोमेनला एकच असावी लागते. आधीच्या होस्टिंगची एक असेल तर दुसरी वेगळी घालू नका, त्यातच मिळवा. डीमार्क सुरुवातीला 'नन' वर ठेवा, म्हणजे काही अडवलं जात नाही, नुसते अहवाल येतात.

मेल पाठवायला ॲमेझॉनची एसईएस सेवा घेतली, मुंबईच्या सर्व्हरवरून. हजार मेलला दहा सेंट, म्हणजे आमचं महिन्याचं बिल वीस रुपयांच्या आसपास. पण सुरुवातीला खातं 'सँडबॉक्स' मध्ये असतं, दिवसाला २०० मेल आणि ते पण फक्त आधी पडताळलेल्या पत्त्यांना. बाहेर यायला अर्ज करावा लागतो, यादी कशी मिळवली, परत आलेल्या मेलचं काय करता, लोकांना नको असेल तर कसं थांबवता, हे लिहून द्यायचं. आम्ही रजिस्टराची पद्धत आणि संमतीचा फॉर्म याबद्दल अगदी सविस्तर लिहिलं, त्यांनी आणखी एक-दोन गोष्टी विचारल्या, त्या दिल्यावर मंजूर झालं. कार्ड द्यावं लागतं. संस्थेचं खातं दोन सह्यांचं, त्याला डेबिट कार्ड नाही, म्हणून माझं कार्ड लावलंय आणि दर तिमाहीला व्हाउचर करून पैसे घेते. ठरावात ते पण लिहून घेतलं.

परत येणाऱ्या मेलकडे लक्ष द्यावंच लागतं. एसईएसला पाच टक्क्यांच्या वर मेल परत आले की ते खातं तपासणीत घेतात, दहाच्या वर गेलं तर थांबवू शकतात. जुन्या यादीत बंद पडलेले पत्ते भरपूर असतात. म्हणून आम्ही एकदम सगळ्यांना पाठवलं नाही, ज्यांनी गेल्या वर्षभरात फोनवर किंवा फॉर्मवर ईमेल दिलाय त्यांना आधी, मग थोडे थोडे. एसईएस परत आलेल्या मेलची खबर वेगळ्या वाटेने देतं, ती सिव्हीसीआरएमपर्यंत पोचवायला 'एअरमेल' नावाचं एक्सटेन्शन घातलं, आता बंद पत्ता आपोआप 'होल्ड' वर जातो आणि मावशींना त्याची यादी दिसते, त्या मग फोन करून नवीन पत्ता विचारतात.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, पहिलं वार्तापत्र नव्या पद्धतीने पाठवलं. आधी फक्त कमिटीला पाठवून पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जीमेल १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली 'पूर्ण संदेश पाहा' असं दाखवतं. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं, त्यामुळे आपला मजकूर इंग्रजीपेक्षा लवकर त्या मर्यादेला जातो, आणि नेमकी तळाशी असलेली 'यादीतून नाव काढा' ही लिंक झाकली जाते. म्हणून लेख पूर्ण न देता चार-पाच ओळी आणि वेबसाईटची लिंक द्यायची पद्धत ठेवली. ती लिंक आणि संस्थेचा पोस्टाचा पत्ता मेलमध्ये असल्याशिवाय सिव्हीसीआरएम मेल पुढे जाऊच देत नाही, ते मला आवडलं. आणि सुरुवातीचं संबोधन बदला. मुळात इंग्रजीतलं 'डिअर' असतं, आम्ही "स.न.वि.वि." केलं आणि श्री., सौ., कु., डॉ. हे पर्याय भरले.

मेलची यादी आता हाताने कुणी करत नाही. 'स्मार्ट ग्रुप' म्हणून एक अट लिहून ठेवलीय, ज्यांचं सभासदत्व नवीन, चालू किंवा सवलतीत आहे आणि ईमेल आहे ते सगळे. वर्गणी भरली की माणूस यादीत, संपली की बाहेर. कुणी नाव काढून घेतलं तर परत त्यात येत नाही.

पैशाचं प्रकरण समांतर चालू होतं, थोडक्यात सांगते. पेमेंट गेटवेसाठी संस्थेचं पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, बँकेचा रद्द चेक, ठराव, आणि वेबसाईटवर गोपनीयता, परतावा, अटी अशी पानं लागतात. आमचं नोंदणी प्रमाणपत्र कर्नाटक सोसायटीज कायद्याखालचं, कन्नडमधलं, त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून दिलं. तरी अर्ज परत आला, कारण पॅनवर शहराचं नाव जुनं आणि बँकेत नवीन. शहराचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बेलगामचं बेळगावी असं बदललं, त्याच्या अधिसूचनेची प्रत आणि दोन्ही नावं एकाच संस्थेची असल्याचं बँकेचं पत्र जोडलं, मग तीनेक आठवड्यांनी झालं. कागदांवर शहराची दोन नावं असलेल्या सीमाभागातल्या कुठल्याही संस्थेला हे येऊ शकतं, ती दोन कागदं आधीच जोडून ठेवा. गेटवेचा साधारण दोन टक्के आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी जातो, म्हणून आम्ही तो फक्त बाहेरगावच्यांना लिंक पाठवायला वापरतो. बाकीच्यांसाठी 'पे लेटर' असा पर्याय आहे, फॉर्म भरला की यूपीआयचा क्यूआर दिसतो, सभासदत्व 'प्रलंबित' राहतं, खजिनदार काका संध्याकाळी पासबुक बघून टिक करतात आणि त्या क्षणी लॉगिन, मेलची यादी, पावती सगळं एकदम होतं. काकांना हे पटलं कारण पैसे बघितल्याशिवाय काही पुढे जात नाही.

पावतीत मात्र जोडाक्षरं तुटत होती, 'क्ष', 'त्र' सगळं विस्कटलेलं. सिव्हीसीआरएमचं मूळ पीडीएफ यंत्र देवनागरीची जुळणी नीट करत नाही. सर्व्हरवर नोटो देवनागरी फॉन्ट आणि 'डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ' हे पीडीएफ करणारं दुसरं सॉफ्टवेअर घालून सेटिंगमध्ये त्याचा पत्ता दिला, मग पावती छापल्यासारखी आली. मराठी संस्थांनी हे पहिल्या आठवड्यातच करून घ्या, मोडक्या अक्षरातली पावती माणसाच्या हातात द्यायला नको वाटतं.

१ एप्रिलला सुरू केलं आणि ९ एप्रिलला पाडवा होता, तोपर्यंत बरीच नूतनीकरणं आली. मुदत संपायच्या महिनाभर आधी एक आठवण, संपल्यावर आठवड्याने दुसरी, एवढंच लावलंय. ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांची यादी छापून निघते आणि त्यांना पोस्टकार्ड आणि फोन, ती पद्धत बंद केलेली नाही आणि करणारही नाही. ज्यांच्या निमित्ताने हे सुरू झालं त्या काकूंना मी फोन केला, की आता ते मेल येणार नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, आता माझ्या नावानं सभासद करून घे." त्यांना करून घेतलं.

पहिल्या वर्षाचा खर्च सर्व्हर नऊ हजार, डोमेन अकराशे, टायपिंग साडेपाच हजार, नोटरी, झेरॉक्स, फोन वगैरे दोन हजार, मिळून अठरा हजारांच्या आत. दुसऱ्या वर्षी टायपिंग नाही.

देखभालीचं सांगते. सिव्हीसीआरएमची नवीन आवृत्ती दर महिन्याला येते, प्रत्येक वेळी घ्यायची गरज नाही पण सुरक्षेची असेल तर थांबू नका. साईटची एक नक्कल वेगळ्या ठिकाणी ठेवा, आधी तिथे अपडेट करून लॉगिन, एक मेल आणि एक पावती तपासा, मगच खऱ्या साईटवर. नकलेवरून चुकून खरे मेल जाऊ नयेत म्हणून तिथलं मेल पाठवणं बंद ठेवायचं. बॅकअप रोज, आणि महिन्यातून एकदा सगळी यादी सीएसव्हीत काढून पेनड्राईव्हवर वाचनालयाच्या कपाटात. सभासद करून घेतानाच्या छापील फॉर्मवर ईमेल-मोबाईल वापरायची संमती मागणारी ओळ आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यानंतर ती असायलाच हवी. पासवर्ड बंद पाकिटात, अध्यक्ष आणि खजिनदार दोघांच्या सह्यांनी, लॉकरला.

ती मराठी वही पण झाली. वार्तापत्र आता कॉलेजच्या दोन मुली लावतात, त्यांना फक्त मेल तयार करायचा अधिकार आहे, पाठवायचं बटण चिटणीस गुरुजींकडे. नवीन सभासद मावशी स्वतः भरतात. ग्रंथांची यादी अजून जुन्या फाईलमध्येच आहे, ती पावसाळ्यानंतर घ्यायची असं ठरलंय, आणि तिच्यासाठी परत तीच श्रीलिपीपासूनची साफसफाई करावी लागणार, म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीत टायपिंगला कोण बसणार ते जूनमध्येच विचारून ठेवतोय.